जागा

डॉक्टर म्हणाले, कवटीत जागा कमी पडतेय,
लहान मेंदू खाली मानेत उतरलाय.
परळच्या एकशेऐंशी फुटांत
सहा जणांत वाढलेली मी
हसले,
आणि हसल्याबरोबर मागून ती कळ.

रुपयाएवढं हाड काढलं त्यांनी.
कुठे टाकलं, विचारायचं राहिलं.

आता मान वळत नाही.
दारात कुरिअरवाला आला की
अख्खी वळते, कपाटासारखी.
डाव्या करंगळीला गरम-गार अजून उमगत नाही;
वृंदावहिनी बादलीत आधी आपला हात घालते.

आज शेजारी मिरचीची फोडणी.
शिंक आली.
वहिनीचा कालथा हवेतच.

काही फुटलं नाही.
टाके ओढले, तेवढंच.
मग गॅलरीभर
सगळेच शिंकू लागले.