भिंतीबाहेरचा नळ

ढालगावच्या माळावर, पवनचक्क्यांच्या ओळीखाली
चार खोल्या, एक बोअर, एक घंटा.
फाटकावर पाटी : मौन.
आम्हाला वाटलं दवाखाना असेल.
शेवंता म्हणाली, नाही गं, फादरलोकांचं आहे,
आत बसून राहतात.
बसून काय करतात?
बसतातच.

पाण्याला मात्र नाही म्हणाले नाहीत.
पहिल्याच उन्हाळ्यात सिस्टर इल्डांनी गवंडी बोलावला,
भिंतीला भोक पाडून नळ बाहेर काढला
आणि कुलूप घातलंच नाही त्याला.

नळ म्हटला की भांडण आलं.
कुणाची कळशी पुढे, कुणाचं पोर शाळेतून यायचंय म्हणून मध्येच,
हंड्यावर हंडा आदळायचा
आणि भिंतीपलीकडे त्यांची दुपारची प्रार्थना.
एकदाही कुणी बाहेर येऊन शुक् केलं नाही.
त्याचीच मग लाज वाटायला लागली.
कुणी आणलं आठवत नाही,
एके दिवशी नळाखाली गोणपाट अंथरलेलं होतं,
हंडा टेकला तरी आवाज नाही.
भांडणं सुरूच राहिली, पण कुजबुजून.
कुजबुजून शिवी देऊन बघा,
निम्म्यात हसू येतं.

मी शेडवर बेदाणा निवडते.
हिरवा इकडे, पिवळा तिकडे, काळा खाली.
आठ तास बोटं चालतात, तोंडही.
बाजाराच्या दिवशी अर्धी सुट्टी,
तेव्हा चार वाजता सिस्टर चटई टाकतात,
ज्याला यायचंय त्यानं यावं.
येशूचं नाव घ्या म्हणत नाहीत,
बिरोबाचं सोडा म्हणत नाहीत.
पहिल्या दिवशी मी डोळे मिटले
तर मिटल्या डोळ्यांत बेदाणेच ओघळत राहिले,
हिरवा, पिवळा, काळा, हिरवा.
घाबरत सांगितलं, तर म्हणाल्या,
मला आमच्या वसईच्या विहिरीवरचा रहाट ऐकू येतो.
चाळीस वर्षं झाली.

सोनाबाई कोळेकरचा पोरगा
जतच्या रस्त्यावर डंपरखाली गेला.
ती रडली नाही. दहाव्यालाही नाही.
पाण्याला आली, हंडा भरून वाहत राहिला
आणि ती बघत राहिली.
मीच नळ बंद केला.
सिस्टर बाहेर आल्या,
पायरीवर तिच्याशेजारी बसल्या.
पवनचक्कीच्या पात्याची सावली
दोघींवरून जायची, यायची, पुन्हा जायची.
आत घंटा झाली तरी उठल्या नाहीत.
शेवटी सोनाबाईनंच विचारलं,
रोज एवढा वेळ देवाशी काय बोलता हो तुम्ही?
खरं सांगू? सिस्टर म्हणाल्या,
बऱ्याचदा मला झोप येते.

सोनाबाई हसली.
हसता हसता तिचा आवाज फुटला,
माळभर झाला.
फादर तुस्कानो अनवाणीच धावत आले,
स्वयंपाकाची बाई पिठाच्या हातांनी आली,
पाटीकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

यंदा मार्चातच बोअर आटली.
आता टँकर येतो
आणि रांगेत आमच्यामागे सिस्टर इल्डा.
चुंबळ वळता येत नाही त्यांना, मी वळून देते.
टँकरवाला पाइप सोडतो तेव्हा सगळ्या एकदम ओरडतात,
त्याही ओरडतात, आमच्यापेक्षा मोठ्यानं,
ए, माझी घागर, माझी घागर!
मग आम्ही दोघी चढण चढतो.
त्या बोलत नाहीत, मीही नाही,
पाणी तेवढं हिंदकळतं.

नळाखालचं गोणपाट वाळून कडक झालंय.
कुणी उचललं नाही.
घरी मी आता पातेलंसुद्धा हळूच टेकवते.
नवरा विचारतो, कोण निजलंय गं?
मी म्हणते,
असेल कुणीतरी.