पोह्यांचा डबा

गंगव्वाकडं किल्ली दिली, मांजराचं सांगितलं,
चौकटीवरच्या मेझुझाला बोट लावून ओठांना लावलं,
तर तीही आली हात पुसत, तिनंही लावलं.
"देव हाय न्हवं," म्हणाली, "मग कुणाचा का असंना."

बॅगेत सहा किलो पोहे, जाड.
मलिद्याला जाडच, आत्यानं फोनवर तीनदा बजावलेलं.
गूळ संकेश्वरचा. कुंद्याचे दोन बॉक्स.
नारळ मात्र सांबऱ्याला विमानतळावरच काढून घेतला
आणि टेबलावर ठेवला, शेंडी वर,
कुणाची तरी वाट बघत बसल्यासारखा.

तिकडच्या खिडकीतल्या मुलीनं विचारलं, कुठले?
आडनाव वाकरूळकर. वाकरूळ मी पाहिलेलं नाही,
बाबांनीही नाही. ते कौलांच्या कारखान्यात मुकादम,
खानापुरातच गेले,
आणि दहा पुरुष जमले नाहीत म्हणून
कद्दिश मी मनातच म्हटली, घागरीला टेकून.
एवढं सगळं तिला कुठल्या भाषेत सांगू?
"इंडिया," म्हटलं. तिनं निळी चिठ्ठी दिली.

दिमोनात चौथ्या मजल्यावर शेगुलाआत्या,
गाऊनवर टॉवेल घेऊन दारात:
"आलास काय गा, बिनू!"
साठ वर्षांमागची मराठी,
लोणच्यासारखी तेलाखाली राखलेली.
नातवंडं तिच्याशी हिब्रूत बोलतात,
ती त्यांना मराठीत रागावते,
आणि भांडण नीट चालतं.

ही लिपी मला येते, अशी माझी समजूत.
बाबांनी बोट धरून शिकवलेली, उजवीकडून डावीकडं,
फक्त देवाशी बोलायला.
इथं ती बसवर, औषधाच्या बाटलीवर,
कचऱ्याच्या पेटीवर.
एका पाटीसमोर थांबून मी अक्षर अक्षर जुळवलं,
नकळत टोपी सावरली, पुटपुटत वाचलं:
चपला दुरुस्त करून मिळतील.

घरी स्टँडवरच्या कन्नड पाट्या
मी वळणांवरून ओळखतो.
जांबोटीची गाडी अजून एकदाही चुकलेली नाही.

दरफाळणीच्या सणाला सगळे पांढऱ्यात, उपाशी.
दिवेलागणीला शोफार वाजला
आणि सगळे एका दमात म्हणाले,
पुढच्या वर्षी यरुशलेमात.
शेजारचा म्हातारा माझ्या कानाशी आला:
"दोन तासांची बस हाय हितनं. पण गुडघं."

मग लिंबूपाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून
आत्यानं विचारलं,
"खानापूर गेलं काय गा शेवटाला महाराष्ट्रात?"
ती निघाली तेव्हा सगळे म्हणत होते, आता हुतंयच.
"नाही आत्या. कोर्टात आहे."
ती बराच वेळ पेल्यातली बी चमच्यानं ढोसत राहिली.
"बरं," म्हणाली. "पुढच्या वर्षी."
आणि आम्ही दोघं इतके हसलो
की पतवंडं धावत आली काय झालं म्हणून,
आणि कुणालाच सांगता येईना.

मेंदीच्या रात्री ताट भरलं:
पोहे, गूळ, पाकिटातलं सुकं खोबरं, पाच फळं.
नवरदेव मोरोक्कन घरचा. चमचा मागितला.
आत्यानं त्याचा हात धरून ताटात घातला.

निघताना डबा परत दिला. जड लागला.
रिकामा द्यायचा नसतो, हे साठ वर्षांत ती विसरली नव्हती.
आत खजूर, ओले, एकमेकांना चिकटलेले,
आणि तळाशी, धुतला तरी न गेलेला,
पोह्यांचा वास.

गंगव्वानं मूठभर घेतले, तीन देवळीत ठेवले.
"तिकडं समदी आपलीच माणसं काय हो?"
मी हो म्हटलं. मग म्हटलं, बहुतेक.
मांजर उंबऱ्यापाशी आलं,
बॅग हुंगली, मला हुंगलं,
आणि दोन दिवस तिच्याच घरी राहिलं.