गोदी

ग्रिम्सबीच्या गोदीत आता
मासळीच्या बोटी बोटांवर मोजाव्यात इतक्याच.
ऑड्री ब्लँचर्डच्या गॅरेजातली गोदी मात्र शाबूत:
टोस्टरहून लांब, सुटकेसहून बुटकी,
कडांना पिवळी पडलेली,
पुढे एकच आडवं तोंड.

"लिलावाचे आकडे घेऊन लेन घरी यायचा,
नोटबुक यात सरकवायचा.
घुर्रर्र.
तो आवाज आला की मी किटली ठेवायचे."
ते नोटबुक कुठे गेलं, तिलाही ठाऊक नाही.
मी चार पौंड दिले.
एक्स्टेन्शनची वायर तिने काढून घेतली,
कोपरावर गुंडाळत आत गेली.

माझ्याकडे त्याच जातीचं नोटबुक, सात वर्षं पोरकं.
ना फ्लॉपीला जागा, ना मोठ्या पडद्याची वायर;
कमी सामानाच्या माणसासारखं हलकं.
रात्री टेबलावर दोघांची गाठ घातली.
घुर्र...
निम्मं गिळलं आणि अडलं.
ना बंदरात, ना समुद्रात.

झाकण खोललं. आतला रबरी पट्टा
वितळून काकवी झालेला,
बोटांना, स्क्रू-ड्रायव्हरला, बाहीला.
साबणानेही निघेना.

सकाळी पोस्टमनने दारात टाकलेलं
लाल रबरबँड उचललं
(तो रोज एक टाकतो, मी रोज कुरकुरतो),
दुहेरी करून चढवलं.

घुर्रर्र.

पडदा उजळला का, ते न बघताच
मी किटली ठेवायला उठलो.