पाठ विद्यापीठाकडे

पा न्हिया उलटी चालते,
तोंड आमच्याकडे, पाठ विद्यापीठाकडे.
मिनेसोटातला जुलै, घामेजलेले नकाशे हातात.
एकेचाळीस हजार विद्यार्थी, ती सांगते,
आणि टाचेनेच ओळखते
कुठे फरशी उचकटलीय, कुठून सायकली घुसतात.

ही लायब्ररी. रात्रभर उघडी.
चौथ्या मजल्यावर शिंकायचंही नाही,
तळघरात झोपलात तर कुणी उठवत नाही.
हे भुयार. जानेवारीत उणे पंचवीस झालं की
अख्खं गाव जमिनीखालून वर्गाला जातं.
ते पलीकडे गोठे; वारा फिरला
की गणिताच्या तासाला शेणाचा वास.

मक्याच्या शेतावरून आलेले एक वडील
टोपी काढून फीचं विचारतात,
थोड्या वेळाने पुन्हा विचारतात,
जणू आकडा एव्हाना उतरला असेल.
त्यांचा हॅल्वर बुटांकडे बघत राहतो.

एवढ्या माणसांत हरवायला होत नाही का?
मागून कुणीतरी.
होतं की. पहिला अख्खा ऑक्टोबर.
भूक नसताना कॅन्टीनच्या रांगेत उभी राहायचे,
काउंटरवरच्या बाईने "तुझं काय गं?" म्हणावं म्हणून.

वडील टोपी परत घालतात.

रसायनशास्त्राच्या इमारतीशी
ती बोलत बोलत मागे सरकतेय,
वसतिगृह, धुलाईयंत्रं, पंचवीस सेंटची नाणी,
आणि हॅल्वर, सकाळपासूनचा मुका, ओरडतो:
पायरी!

टाच हवेतच थांबते.
मेमध्ये इथे उतार होता, ती पुटपुटते,
आणि आज पहिल्यांदाच
वळून बघते.