फाल्गुन ते चैत्र

दिवाळी उलटल्यावर परतवाड्याहून निघालो,
सोबत एक डिश, दोन खोके, तेरा नंबरचा पाना
आणि एक फॉर्म. त्यावर गावाचं नाव आधीच छापलेलं,
तेही चुकीचं.
कुंडढाण्याचं कुंदाणा केलेलं. मी दुरुस्त केलं नाही,
बिलं छापील नावावरच निघतात.

सेमाडोहच्या पुढे फोनची शेवटची रेघ गेली.
मग नुसता घाट, सागाची पानं,
पिशवीत खुळखुळणारे माझेच नट.

समाजमंदिराच्या पत्र्यावर चढलो.
होकायंत्र लावलं. आग्नेय. एकोणसाठ अंश.
डिशचं एक असतं, वाटतं ती समोर पाहते,
पण नजर वर लागलेली असते तिची,
पंगतीत बसून वाढप्याकडे पाहणाऱ्या पोरासारखी.
आणि नजरेच्या ऐन वाटेत मोह.
अख्खा. हिरवा. दोघांच्या मिठीत न मावणारा.
मीटर एकदा टीं करून गप्प झाला.

खाली गाव जमलेलं.
टीव्हीवरचं प्लास्टिक अजून तसंच.
म्हटलं, दोन फांद्या उतरवा, चित्र येईल.
कुणी बोललं नाही.
बाबूलाल दहीकर कुऱ्हाड घेऊन आला,
ती भिंतीला टेकवली
आणि स्वतःही तिच्या शेजारी टेकून उभा राहिला.

सुगराय बेठेकर पुढे आली.
"वरते काय हाय तुयं?"
उपग्रह, म्हटलं. छत्तीस हजार किलोमीटर.
"त्याले सांग ना, जरासा सरक म्हनून."
नाही सरकत, मावशी. तो एका जागी असतो.
म्हणजे फिरतो, पण पृथ्वीसोबत फिरतो,
म्हणून आपल्याला उभा दिसतो.
दिसत नाही तसा. पण उभा.
ती झाडाकडे पाहत राहिली.
"मंग हे बी तसंच हाय."

माझी केबल दहा मीटर,
मोहाची सावली अकरा.

संध्याकाळी तिच्या ओट्यावर रेडिओ लागला,
रबरानं बांधलेला, सेल उन्हात तापवून जगवलेले.
बाजारभाव, हवामान, सगळं मराठीत झालं,
मग पंधरा मिनिटं त्यांच्या बोलीतली.
मला त्यातला एकच शब्द कळला. दा. पाणी.
रेडिओतली बाई काहीतरी विचारायची, थांबायची,
आणि सुगराय त्या थांबलेल्या जागेत उत्तर द्यायची,
कधी हसून,
एकदा तर चुलीतलं लाकूड रागानं मागे ओढून.
हे मोजायचा काटा माझ्या मीटरला नाही.

फाल्गुन सरताना पुन्हा गेलो. तक्रार नव्हती कुणाची,
मीच गेलो.
मोह उघडा झालेला, अंगावर पान नाही.
चित्र इतकं स्वच्छ
की बातम्या देणारीच्या कानातले खडे मोजावेत.
समाजमंदिरात बघायला एक कुत्रं
आणि नाक पुसत बसलेलं एक पोर.
गाव पहाटे तीनपासून झाडांखाली,
टोपल्या घेऊन, फुलं वेचत.
टीव्ही आपला रिकाम्या सतरंजीला सांगत होता
वजन कमी करायचे पाच उपाय.

पत्र्यावर चढलो. डिशच्या खालच्या काठाशी
मोहफुलं साचलेली,
ओली, पिवळट, डोकं जड करणाऱ्या वासाची.
झाडून टाकू का, विचारलं.
"राहू दे," सुगराय खालूनच ओरडली,
"थे वरतून आलेले हायेत."
मग टोपली वर धरली तिनं,
आणि मी कंपनीच्या कामावर असताना
ओंजळ-ओंजळ फुलं खाली दिली.

फॉर्मचा शेवटचा रकाना: सिग्नल, आहे / नाही.
मी लिहिलं, फाल्गुन ते चैत्र.
साहेबांचा फोन आला तेव्हा घाटात होतो.
"अहो, हे असं कसं..." एवढं ऐकू आलं,
बाकीचं रेघेसोबत गेलं.
हाताला मात्र वास होता,
परतवाड्यापर्यंत.