वाटणी

कुंपणाच्या उत्तरेला बर्फ अजून मळकं होऊन पडलेलं.
व्हर्लिन डुलुथहून आला, पाव कापायची सुरी घेऊन.
तीच सुरी,
जिच्यापायी आर्डिथ हिवाळाभर
त्याच्याशी बोलली नव्हती.

आईचा होस्टा नुकताच वर येतोय,
जांभळी टोकं, घट्ट मिटलेली.
"डोळे मोज," ती म्हणाली.
अकरा.
मग कुणीच काही बोललं नाही.

सुरी गड्ड्यातून करकरत गेली.
आत पांढरं, ओलं,
मुळा सोलल्यासारखं.
पाच त्याचे, भिजवलेल्या वर्तमानपत्रात.
पाच इथेच, हरणं येतात तरी.
अकरावा त्याने मधोमध चिरला.
"मरेल बहुतेक," ती म्हणाली,
आणि आपला अर्धा
मुठीत धरून उभी राहिली.

गाडी वळली तेव्हा
सुरी पायरीवरच होती, मातीने भरलेली.
तिने पाहिलं.
हाक मारली नाही.