खालपर्यंत दाब

विमानतळाच्या वरच्या मजल्याकडे चढणाऱ्या रस्त्यावर
माझी आठशे धापा टाकत गेली.
मागून टॅक्सीवाल्यांनी हॉर्नची माळ लावली.
बॅगा उतरवून घेताना लेक म्हणाली,
बाबा, आता हिला भंगारात द्या,
मी पुढच्या खेपेला येईन तेव्हा नको ही.

दुसऱ्या दिवशी कन्नमवार नगरहून
कलिन्याला, तुस्कानोकडे.
टपावर आमचा पिवळा फलक,
श्री वेतोबा मोटर ट्रेनिंग स्कूल.
तो बॉनेट लगेच उघडत नाही. आधी विचारतो,
कधीपासून?
कालपासून, मी म्हणालो.
"गाडी एका रात्रीत म्हातारी होत नसते, आरोलकर."

जॅक लावून चाकं हातानं फिरवली,
ब्रेक कुठं धरून बसलाय का ते पाहायला.
चारही मोकळी.
एअर फिल्टर आपटला, फुटपाथवर धूळ उडाली,
त्यातली निम्मी मेट्रोच्या कामाची,
पण श्वास कोंडावा इतकी नाही.
प्लग काढून उन्हात धरले.
भाजल्या खारीचा रंग. बरोबर.
तिन्ही सिलिंडरांना गेज लावला,
अकरा, अकरा, साडेदहा.
"तुझं ब्लडप्रेशर आहे का इतकं चांगलं?"
हँडब्रेक ओढून तिसऱ्यात क्लच सोडला,
इंजिन गचकन बंद. म्हणजे क्लचही शाबूत,
बारा वर्षं नवशिक्यांच्या टाचा खाऊन.
सायलेन्सरच्या तोंडाशी त्यानं तळहात धरला,
झोपलेल्या पोराच्या नाकाशी धरावा तसा.
मी मनात एकेक खर्च मांडत होतो.

मग पोऱ्याला बाजूला सारून
त्यानं बोटानं थ्रॉटलची केबल ओढली
आणि ती अशी बोंबलली
की शेजारच्या चहावाल्याचं कटिंग सांडलं.
"अंगात आहे की हिच्या!
तू आत बस. पेडल दाब."
दाबलं.
"खालपर्यंत दाब."
खालपर्यंतच दाबलंय.
"नाही. इथं झडप अर्धीच उघडतेय.
तू अर्धं मागतोयस, ती अर्धं देतेय."

वाकून चटई उचलली.
पेडलच्या मागं, पत्र्याला चिकटवलेला
निळ्या स्लिपरच्या टाचेचा तुकडा.
दोन बोटं जाड. कडा ब्लेडनं कापलेल्या.
सोल्यूशन माझ्याच हातचं.

बांबर्डेकर बाई.
नऊ वर्षांपूर्वी, सोसायटीच्या गेटातून
सरळ वॉचमनच्या खुर्चीवर.
खुर्ची रिकामी होती, वॉचमन चहाला गेलेला,
पण रात्रभर मला ती भरलेली दिसली.
सकाळी उठून बायकोची स्लिपर कापली.
बाई शिकल्या, लायसन आलं, पेढे आले,
आता नातवाला मुलुंडला पोहायला नेतात म्हणे.
तुकडा काढायचा मात्र राहून गेला.

त्यांच्यानंतरचे सगळे अर्ध्या पेडलवर शिकले.
कुणी तक्रार केली नाही,
त्यांना वाटलं गाडी अशीच असते.
आणि मला कुठून कळणार?
मी कायम डावीकडे,
माझ्या पायाखाली एक क्लच, एक ब्रेक.
पुढं जायचं पेडल
इतक्या वर्षांत माझ्या वाट्याला आलंच नव्हतं.

तुस्कानोनं स्क्रू-ड्रायव्हरनं तो खरवडून काढला,
तपासणीचे तीनशे घेतले,
रबराचे काही लावले नाहीत.

येताना लिंक रोडच्या पुलावर, चढाला,
तिसऱ्यात खालपर्यंत दाबलं.
गेली.
इतकी गेली की माझाच पाय घाबरून
डावीकडच्या रिकाम्या सीटखालचा ब्रेक शोधू लागला.

तुकडा ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवलाय, एल बोर्डाखाली.
उद्या सातची नवीन बॅच.
वहीत पहिलं नाव ओवी धुरी, वय अठरा.
तिच्या आईनं फोनवर दोनदा सांगितलंय,
सर, जरा घाबरट आहे हं.